माजी व्यसनी हवा

अर्जाच्या सातव्या पानावर तेरावा रकाना होता: ‘वस्तीतील कार्यकर्त्याचे नाव, वय व व्यसन सुटून झालेला कालावधी.’ या एका रकान्यानं माझं अख्खं वर्ष खाल्लं.

मी तेव्हा रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन डोंबिवलीत घरी बसले होते, म्हणजे नोकरीसाठी अर्ज करत होते. आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या शुभदाबाई निवृत्त होऊन ठाण्याला राहायला गेल्या होत्या. तिथं त्यांनी आणखी चार निवृत्त माणसं गोळा करून व्यसनप्रतिबंधाची एक संस्था काढली होती. संस्थेकडे एक लोखंडी कपाट, सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांचा एक गठ्ठा आणि दिल्लीच्या एका योजनेचा बावीस पानी अर्ज, एवढी मालमत्ता होती.

“तुला आकडे जमतात, उत्तरा,” बाई म्हणाल्या. “अर्ज तू भर.”

योजना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. खाडीकाठची गावं आणि टेकडीलगतचे आदिवासी पाडे इथं दारू आणि गर्द घट्ट बसण्याआधीच काम सुरू करायचं. ते बाहेरच्या माणसानं नाही, वस्तीतल्याच माणसानं करायचं आणि त्यासाठी त्याला तीन वर्षं मानधन द्यायचं. हे कुणीतरी नीट विचार करून लिहिलं होतं. त्यानंतर दुसऱ्याच कुणीतरी त्याचे रकाने पाडले होते.

आम्ही कोलशेत निवडलं. खाडीच्या बाजूला कोळीवाडा, मधे कारखाने आणि घोडबंदर रोड ओलांडला की टेकडीच्या पायथ्याशी वारल्यांचा पाडा. तिन्हीकडे दारू एकाच ठिकाणाहून यायची, दामाजी कोळी यांच्या भट्टीवरून.

दामाजीकाकांचं वय पन्नासच्या आसपास होतं. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी होडी विकली आणि तिवरांच्या आत भट्टी लावली. मासळी का संपली याचं मला कुतूहल होतं, म्हणून मी खाडीचं पाणी बाटलीत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. मी हा शोध मोठ्या उत्साहानं काकांना सांगायला गेले.

“आमच्या जाल्यानं अकरा वर्सांपूर्वीच सांगितला व्हता ह्या,” ते म्हणाले. “बाटली पन लागली नाय.”

त्यांची बायको मनुमावशी आता भाऊच्या धक्क्यावरून दुसऱ्यांची मासळी आणून विकायची. त्यावर घर अर्धं चालायचं आणि उरलेलं अर्धं भट्टीवर. शुभदाबाईंनी एक दिवस काकांना सरळ विचारलं, “भट्टी बंद कराल का? योजना आली की कार्यकर्ता म्हणून तुम्हालाच घेऊ. तुमच्याइतकी ही वस्ती कोणाला माहीत आहे?”

काकांनी दोन दिवस विचार केला आणि मला एकच प्रश्न विचारला. “पैसे कवा सुरू व्हतील?”

“दोन महिन्यांत,” मी म्हणाले.

प्रयोगशाळेत दोन दशांश स्थळांपर्यंत वजन करणारी मी. हा आकडा मी कुठून काढला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

जून महिन्यात काकांनी भट्टी विझवली. तांब्याची नळी सोडवून, पोत्यात गुंडाळून घराच्या पोटमाळ्यावर ठेवली. “दोन म्हयने जाऊ दे, शिमग्यापरयंत थांबतो,” ते म्हणाले. “त्याच्या पुढं नाय. मनूच्या टोपलीवर किती दिस बसून खाऊ?”

मग मी तेरावा रकाना भरायला बसले आणि खालची बारीक टीप पहिल्यांदा नीट वाचली. कार्यकर्ता हा माजी व्यसनी असावा, व्यसन सुटून किमान एक वर्ष झालेलं असावं, आणि तसा वैद्यकीय दाखला जोडावा.

“काका, दारू सोडून किती दिवस झाले?” मी विचारलं.

ते हसले. “सोडायला आधी धरावी लागते ना, बाय.”

काकांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्यांचे वडील भरपूर प्यायलेले असताना ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात पडून गेले होते. लग्नाच्या वेळी मनुमावशीच्या वडिलांनी जावयाला एकवीरेला नेऊन शपथ घ्यायला लावली होती. शिवाय धंद्याचाही एक नियम होता. भट्टी लावणारा कधी चाखत नाही, चाखायला लागला की त्याची भट्टी बुडाली. मग दारू किती कडक झाली ते कसं ओळखायचं? सपाट दगडावर चमचाभर ओतायची आणि काडी लावायची. ज्योत निळी आली, आणि विझल्यावर दगडावर ओल किती राहिली, त्यावरून समजतं. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी वहीत दगडाची आकृतीसुद्धा काढली. सगळा कोळीवाडा त्यांना ‘कोरडा दामाजी’ म्हणून चिडवायचा आणि त्यांना ते आवडायचं.

पहिल्या अर्जात मी खरं ते लिहिलं. पूर्वीचा व्यवसाय: हातभट्टी, सध्या बंद. व्यसन: कधीच नव्हते. दाखला: लागू नाही.

अर्ज सप्टेंबरमध्ये अकरा हरकतींसह परत आला. चौथी हरकत अशी होती की अर्जात गुन्ह्याची कबुली नोंदवू नये. पाचवी म्हणत होती की प्रस्तावित व्यक्ती व्यसनी नसल्यामुळे अपात्र आहे. नववी हरकत समासाच्या रुंदीबद्दल होती.

मी उत्तर लिहिलं. जी व्यक्ती जन्मापासून प्यायलेली नाही, ती एक वर्षाहून जास्त काळ दारूपासून दूर आहे हे उघड आहे, असं मी लिहिलं. कालावधीच्या जागी ‘एक्कावन्न वर्षे’ असं भरलं आणि वयाचा पुरावा म्हणून मतदार यादीतला उतारा जोडला. यात चुकीचं काही सापडत असेल तर कुणी मला दाखवावं. नोव्हेंबरमध्ये उत्तर आलं, त्यात एकच ओळ होती. ‘रकाना १३ खालील टीप पाहावी.’

शुभदाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शाळेत त्यांनी कुणाला अर्धा मार्क फुकट दिलेला मी पाहिला नव्हता.

“पीत होते असं लिहू,” त्या म्हणाल्या.

“बाई!”

“मग काय करू? तो माणूस गेले पाच महिने आपल्या शब्दावर बसलाय. डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, दाखला देतील.”

मला पटायला चार मिनिटं लागली. काकांना पटवायला आम्ही दोघी कोलशेतला गेलो, तर तिथं चार मिनिटंही उभं राहता आलं नाही.

“मी दारुडा व्हतो असा लिवायचा?” काका म्हणाले.

“फक्त कागदावर, काका.”

“कागदावर म्हंजे कायमचा. तोंडानं बोललेला वाऱ्यावर जाते.”

मनुमावशी कोलंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही. “माझा बापूस वर बसून बगतो हाय. त्याला काय सांगू? जावई शपथ पालत व्हता, पन सरकारला बेवडा पायजे व्हता?”

“वीस पोरं तुमच्यामुळे वाचतील,” बाई म्हणाल्या.

“तर ती मी बिनबेवड्याचा वाचवतो ना,” काका म्हणाले. “भट्टी लावली, ता लिवा. धा वर्सं लावली. मी ता लपवत नाय.”

“ते लिहिलं तर अर्ज परत येतो.”

“मंग तुमचं सरकारच पिऊन बसलंय,” मावशी म्हणाली आणि कोलंबीची टरफलं आमच्या पायांशेजारून बाहेर फेकली.

इथपर्यंत जे झालं त्याचा दोष मी रकान्याला देऊ शकते. पुढचं मी केलं. मी घरी आले, अर्ज टाइपरायटरवर चढवला आणि तेराव्या रकान्यात लिहिलं: ‘सहा वर्षे अतिमद्यपान, दीड वर्षापासून पूर्ण बंद.’ अर्ज इंग्रजीत होता. काकांना इंग्रजी येत नव्हतं. ते अर्ज कधी पाहणारही नव्हते. जानेवारीत मान्यता येईल, मानधन सुरू होईल आणि कुणाला काही कळणार नाही, असा माझा हिशेब होता. डॉक्टरांनी दाखला दिला. तो त्यांच्याकडच्या छापील नमुन्यावर होता. मी तो टाचणीनं जोडला आणि मागची बाजू वाचली नाही.

मान्यता आली नाही. फेब्रुवारीत साहेब आले.

साळवीसाहेब पाहणीसाठी जीपमधून आले. सकाळपासून त्यांच्या तीन संस्था बघून झाल्या होत्या, आणि तिन्ही ठिकाणी त्यांना नारळ आणि शाल मिळाली होती, हे जीपच्या मागच्या सीटवर दिसत होतं. समाजमंदिरात आम्ही वीस-पंचवीस माणसं जमवली होती. लाभार्थ्यांपैकी पाड्यावरचा पोपट पुढं बसला होता. तो एका कारखान्यात माल चढवायचा. मागच्या फेब्रुवारीत मशीनमध्ये त्याचं बोट गेलं, त्या दिवशी त्यानं स्वतःहून दारू सोडली होती. काका आणि मावशी भिंतीला टेकून उभे होते. साहेब काही विचारणार नाहीत, फार तर मान डोलावतील, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते.

साहेबांनी फाइल उघडली आणि सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत वाचायला लागले.

“कार्यकर्ता, दामाजी कोळी. सहा वर्षं अतिमद्यपान. दाखल्यानुसार यकृताला सूज, हातांना कंप,” त्यांनी पान उलटलं, “पत्नीस वारंवार मारहाण.”

“कोनाला मारहान?” मनुमावशी पुढं आली. “मना? ह्यानं? ह्याची हिंमत हाय? साहेब, उलटा लिवलंय कोनी!”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. काका हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

“बाय, तू लिवलंस?”

“मारहाण मी नाही लिहिली,” मी म्हणाले. ती दाखल्याच्या नमुन्यावर मागं छापलेलीच होती. हे खरं होतं आणि अगदी निरुपयोगी होतं.

“बाकीचा?”

“हो.”

साळवीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “दामाजी, तुम्ही पीत होता की नव्हता?”

“एक थेंब नाय.” काका समोर येऊन उभे राहिले. “मी दारू गालत व्हतो, साहेब. धा वर्सं. कोलशेतात, पाड्यावर, कारखान्यात, सगलीकडं माझीच जायची. खोटा वाटत असंल तर इचारा ह्यांना. हा पोपट. रोज दोन पावशेर. पगाराला तीन.”

“चार,” पोपट म्हणाला. “साहेबांसमोर खोटं कशाला बोलायचं, दामाजी? पगाराला चार घेतलेली मी.”

“चौथी तू उधार न्यायचास, ती मी धरत नाय.”

आणि मग काका थांबेनात. कोण, कुठला, रोज घेणारा की बाजाराच्या दिवशी, कुणाची बायको येऊन न्यायची, कोण नव्यानं लागला, कोणाला त्यांनी स्वतः द्यायचं बंद केलं होतं. मी वही काढली. मला ते थांबवणं शक्यच नव्हतं. मी उन्हाळ्यात दोनशे बारा घरं फिरून सर्वेक्षण केलं होतं आणि मला एकतीस पिणारे सापडले होते, कारण लोकांनी मला जे सांगितलं ते मी लिहिलं होतं. काकांनी तोंडपाठ एकशे चाळीस सांगितले. त्यातले एकोणपन्नास पाड्यावरचे आणि कोळीवाड्यातले होते. बाकीचे एक्क्याण्णव कारखान्यांतले फोरमन, दोन कारकून, चाळींतले भाडेकरू आणि खाडीशेजारच्या नव्या बिल्डिंगमधले काही साहेब, जे नोकराला पाठवायचे. मी त्या लोकांकडे गेलेच नव्हते. योजनेत ते नव्हते.

साळवीसाहेब खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते. अर्ध्या तासानं ते म्हणाले, “मॅडम, हे टाइप करा. परिशिष्ट म्हणून जोडा. नावं नकोत, आकडे फक्त. अशी माहिती मला कुठल्याच संस्थेनं दिलेली नाही.”

“मग काकांना घ्या ना, साहेब,” मी म्हणाले.

त्यांनी मला बाजूला घेतलं. “अहो, मलाही समजतं. पण मी वर जाऊन काय सांगू? दारू गाळणारा नेमला म्हणून? आणि तुम्ही दिलेला दाखला खोटा निघाला, हे मी अजून लिहिलेलं नाही. ते लिहायला लावू नका.” मग त्यांनी पोपटकडे बोट केलं. “ते कधी सुटले?”

“मागच्या फेब्रुवारीत.”

“वर्ष झालं. पाड्यावरचेच. माजी व्यसनी. हे बसतात ना!” ते खरोखर खूश झाले. “एवढं सोपं होतं, मॅडम. उगाच तुम्ही सहा महिने लावलेत.”

मी वहीत पोपटचं नाव लिहून घेतलं. उलट बोलले असते तर योजना तिथंच संपली असती.

मंजुरी मार्चमध्ये आली, शिमग्याच्या चार दिवस आधी. आर्थिक वर्ष संपत आलं की दिल्लीला एकदम घाई होते. तेराव्या रकान्यात पोपटचं नाव होतं. परिशिष्टातल्या एक्क्याण्णव जणांवर लाल शाईची रेघ होती आणि बाजूला शेरा होता, ‘लक्ष्यगटाबाहेर’. उरलेल्या माहितीची ‘अत्यंत विश्वासार्ह’ म्हणून स्तुती केली होती. ती माहिती कुणी दिली, याचा कुठं उल्लेख नव्हता. तो काढून टाकावा, अशी साळवीसाहेबांची अटच होती.

पत्र घेऊन मी कोलशेतला गेले. पोपट माझ्या आधीच तिथं पोचला होता. काका अंगणात बसून जुनं जाळं सांधत होते. विकायला असावं, कारण होडी नव्हती.

“मी सांगितलं यांना,” पोपट माझ्याकडे वळून म्हणाला. “मानधन अर्धं अर्धं करू. नाव माझं, काम दोघांचं. मी घरोघर जाईन, हे सांगतील कुठल्या घरी जायचं. यांनी परत पेटवली तर माझी नोकरी शिमग्यालाच बुडणार. तिवराच्या वाऱ्यानं वास येतो हो पाड्यापर्यंत.”

“मग?” मी काकांना विचारलं.

“नको बोललो.”

“का पण?”

“त्याला पैसे कशाचे देतात? तो पीत व्हता त्याचे.” काकांनी सुतळी दातानं तोडली. “त्याच्यातला अर्धा मी घेतला, म्हंजे अर्धा बेवडा मी झालो.”

“काका, हा हट्ट आहे.”

“असंल.”

मला त्यांना खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. दिल्लीलाही, साळवीसाहेबांनाही, आणि ज्या दिवशी मी ‘दोन महिने’ म्हणाले त्या दिवसाच्या मलाही. मनुमावशी दारात उभी होती. तिनं नवऱ्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध काहीच म्हटलं नाही. ती म्हणाली, “नऊ म्हयने झाले, बाय. मी कानातला मोडला. आता पुढं काय मोडू?”

“मी लिहायला नको होतं,” मी काकांना म्हणाले. ते मी फेब्रुवारीपासून म्हणायचं ठेवलं होतं.

“नको व्हता,” ते म्हणाले. यापेक्षा जास्त त्यांनी कधीच काही म्हटलं नाही.

शिमगा झाला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पोटमाळ्यावरून नळी काढली. मला हे पोपटनं येऊन सांगितलं. संस्थेच्या कपाटाशेजारी तो नव्या वहीवर स्वतःचं नाव घालत उभा होता. “मी जातोय पाड्यावर,” तो म्हणाला. “पण तुम्ही एकदा जाऊन या. मला त्या बाजूला आता जायचं नाही.”

मी गेले. भांडायला गेले होते. मनातल्या मनात पूर्ण भाषण तयार होतं, त्यात यकृत होतं, वीस पोरं होती आणि त्यांच्या वडिलांचा चिखलही होता. काका तिवरांच्या कडेला पिंपं धूत बसले होते. मला बघून त्यांनी हात पुसले.

“बोल,” ते म्हणाले. “पन आधी माझा ऐक. पोपटला मी देनार नाय. फुकट मागितली तरी नाय, दुप्पट दिले तरी नाय. दुसऱ्याच्या हातानं मागवली तरी मना कलते. तुमचा एक मानूस तरी उभा राहील.”

“आणि बाकीचे एकशे एकोणचाळीस?”

“ते माझे हातात नाय. पोपटच्या हातात हाय. त्यानं कमी करावे. त्याला त्याचेच पैसे हायेत.” त्यांनी एक पिंप उलटं करून मला बसायला दिलं. “आनि तू म्हयन्याला येत जा. कोन वाढला, कोन घटला, खरा आकडा मी सांगन. घरोघर फिरून तुला परत एकतीसच भेटतील.”

मी ते भाषण केलं नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार, हे मला तेव्हा कळलं. राग गेला नव्हता, पण तो ठेवायला समोर माणूस उरला नव्हता. पहिला मासिक अहवाल तीस तारखेला जायचा होता. पोपट किती घरांत गेला ते त्याच्या वहीत मिळणार होतं. त्याचा उपयोग झाला की नाही, हे सांगू शकणारा अख्ख्या ठाण्यात एकच माणूस होता.

मी पिंपावर बसले आणि पिशवीतून वही काढली.

“लिव,” दामाजीकाका म्हणाले. “पयला पोपट. शून्य.”